रानडुक्कर, हिरवी मिरी आणि पाल्याचा क्रम

माझ्या घरमालकीण को मांसाकडे नंतर बघतात. आधी धुतलेल्या सुगंधी पाल्याची चाळणी उचलतात, दोनदा जोरात झटकतात आणि उलट्या तळहातावर किती थेंब उडाले ते पाहतात. एक जरी थेंब उडाला तरी चाळणी परत पंख्याखाली जाते आणि शेगडी पेटवायची थांबते. मला हे शिकायला बराच काळ लागला, कारण माझं सगळं लक्ष मांसावर असायचं. हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाल्यापायी.

को म्हणजे मावशी-आत्याच्या वयाच्या बाईला हाक मारायचा इथला शब्द. मी मिरीची प्रत तपासायचं काम करते आणि सहा वर्षांपूर्वी त्या कामानेच मला बुओन मा थुओतला आणलं. हे शहर व्हिएतनामच्या मध्य पठारावर, डाक लाक प्रांतात आहे. चहूकडे कॉफीचे मळे आणि मधूनमधून खांबांवर चढलेले मिरीचे वेल. को मूळच्या घाट उतरून खाली समुद्राकाठच्या फू येनच्या. १ जुलै २०२५ ला फू येन प्रांत डाक लाकमध्ये विलीन झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, माहेर आणि सासर एका पत्त्यावर आलं." त्यांच्या स्वयंपाकात ते आधीच एका पत्त्यावर होतं: मांस पठारावरचं आणि पाला निम्मा किनाऱ्यावरच्या सवयीचा.

पदार्थाचं नाव हेओ रुंग साओ सा अत. हेओ रुंग म्हणजे रानडुक्कर, साओ म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतणं, सा म्हणजे गवती चहा आणि अत म्हणजे मिरची. देशभर हा या नावाने मिळतो. को त्यात हिरव्या मिरीचे घोस आणि ला लोत नावाची सुगंधी पानं घालतात, आणि मी लिहिते आहे ती त्यांचीच पद्धत.

मांस कुठून घ्यायचं

हे आधी सांगते, कारण यावर मला तडजोड नको आहे. नावात रान असलं तरी हे मांस रानातलं घेऊ नये.

व्हिएतनाममध्ये परवान्याशिवाय जंगलातला प्राणी मारणं, त्याची वाहतूक करणं, तो विकणं हे सगळं बेकायदा आहे. २३ जुलै २०२० ला तिथल्या पंतप्रधानांनी २९ क्रमांकाचा आदेश काढून वन्यप्राण्यांची आयात थांबवायला आणि बेकायदा बाजारांवर कारवाई करायला सांगितलं. पण माझ्यासाठी खरं कारण कागदावरचं नाही. शहरापासून गाडीने थोड्या अंतरावर योक डोनचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे फिरायला गेले होते तेव्हा वाटाड्याने पायवाटेपासून हातभर अंतरावर लावलेली एक फासकी दाखवली. मोटरसायकलच्या ब्रेकची तार, तिचा गोल फास आणि वाकवून ताणून ठेवलेलं एक झुडूप. फासकीला कळत नाही की पाय कोणाचा पडला. कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम या तीन देशांच्या संरक्षित जंगलांत मिळून अशी एक कोटी वीस लाखांहून जास्त फासकी असावीत, असा अंदाज डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने २०२० मध्ये मांडला होता. लाओसच्या सीमेवरच्या डोंगरांत साओला नावाचा प्राणी आहे. लांब सरळ शिंगांचा, बैलांच्या कुळातला. जगाला तो १९९२ मध्ये वू क्वांगच्या जंगलात कळला आणि कॅमेऱ्यात शेवटचा टिपला गेला २०१३ मध्ये. त्याला खायला कोणी निघालेलं नव्हतं. रानडुकरासाठी, भेकरासाठी लावलेल्या फासक्यांत तो संपत गेला. ताटातल्या मांसाची ती किंमत असेल तर ते कितीही चविष्ट झालं तरी मला घशाखाली उतरणार नाही.

सुदैवाने पर्याय सरळ आहे. रानटी नर आणि गावठी मादी यांच्या संकरातून पैदा केलेली डुकरं इथे मोठ्या प्रमाणावर पाळली जातात. त्यांना हेओ रुंग लाय म्हणतात. लाय म्हणजे संकरित. मोकळ्या कुंपणात हिंडतात, केळीचे खुंट, रताळ्याचा पाला, मका खातात. मांस घट्ट, चरबी कमी, कातडी चिवट पण शिजल्यावर कुरकुरीत. विकणाऱ्याकडे पैदाशीच्या ठिकाणाचे कागद असतात ते विचारावेत आणि कातडीवर पशुवैद्यकीय तपासणीचा शिक्का बघावा. २०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग व्हिएतनाममध्ये शिरला, तेव्हापासून तर हा शिक्का बघितल्याशिवाय को पिशवी उघडत नाहीत. तो रोग माणसाला होत नाही, पण शिक्का नसलेलं मांस कुठल्या जनावराचं हे कोण सांगणार?

फसवणूकही होते. म्हाताऱ्या मादीचं जाड कातडीचं मांस रानडुकराचं म्हणून विकतात. बाजारात तुम्हाला सांगतील की कातडीवर तीन-तीन केस एकत्र उगवलेले दिसले की रानडुक्कर समजा. या खुणेवर एकटीवर विसंबू नका, कारण साध्या डुकराच्या कातडीवरही केसांची छिद्रं तिघा-तिघांच्या गटात दिसू शकतात. त्यापेक्षा काप बघा. कातडी, तिच्याखाली चरबीची बारीकशी रेघ आणि लगेच मांस, तेही कातडीला घट्ट चिकटलेलं. बोटाने दाबलं की कातडी आणि मांस एकमेकांवरून सरकता कामा नये. चरबीचा पांढरा थर बोटभर जाड असेल तर पुढच्या गाळ्यावर चला.

संकरित रानडुक्कर नाहीच मिळालं तर डोंगराळ गावांत मोकळी हिंडणारी लहान काळी डुकरं मिळतात. वायव्येकडे त्यांना काखेतलं डुक्कर म्हणतात, कारण माणूस ते काखेत मारून बाजारात आणू शकतो. त्याचं मांसही छान लागतं. तेही नसेल तर साध्या डुकराचा खांद्याचा, कातडीसकट भाग.

चौघांसाठी

मांस अर्धा किलो, कातडीसकट, खांद्याचं किंवा पोटाकडचं. गवती चह्याच्या चार जाड काड्या. लसणाच्या सहा पाकळ्या, लहान जांभळे कांदे चार, अंगठ्याएवढं आलं, पेराएवढी ओली हळद, तिखट लाल मिरच्या तीन. हिरव्या मिरीचे घोस चार-पाच. नुओक माम, म्हणजे मासे आणि मीठ मुरवून काढलेलं पातळ सॉस, दीड मोठा चमचा. साखर एक छोटा चमचा. तेल तीन मोठे चमचे. तांदळाची पांढरी दारू चार मोठे चमचे, ती फक्त धुण्यासाठी. पाला (चौघांची ओळख खाली येते): ला लोतची वीस पानं, न्गॉ गायची सहा-सात पानं, राव ओमची मूठभर आणि राव रमची मूठभर. बाजारात पालेवालीकडे पाच-पाच हजार डोंगांच्या (डोंग हे इथलं चलन) जुड्या घेतल्या की हे सगळं भागतं आणि उद्याच्या सूपलाही उरतं.

धुणं आणि कापणं

रानडुकराच्या मांसाला उग्र वास असतो आणि तो पूर्ण घालवायचा नाही, फक्त त्याची धार कमी करायची. आलं सालीसकट ठेचा, दारूत मिसळा आणि मांसाच्या मोठ्या तुकड्याला दोन-तीन मिनिटं चोळा. कातडीची बाजू भरड मिठाने घासा. मग पाण्याने धुऊन फडक्याने अगदी कोरडं पुसा. काप केल्यावर धुऊ नका. पातळ कापांना पाणी चिकटून बसतं आणि कढईत तेच पाणी सुटतं.

आता तो तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. दगड करायचा नाही, सुरी सरळ जाईल इतकाच टणक. मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघा आणि त्यांना आडवे काप करा, जाडी तीन मिलिमीटर. प्रत्येक कापाला कातडीची एक कड आलीच पाहिजे. या मांसात चरबी नाही, त्यामुळे लांब धागा तोंडात आला की तो चघळत बसावं लागतं. धागा आडवा तोडला की ते काम दाताऐवजी सुरीने करून टाकलं. जनावर वयस्क असेल आणि कातडी फारच जाड असेल तर कातडी वेगळी काढून वीस मिनिटं उकळा, पातळ चिरा आणि मग मांसाबरोबर परता.

आंबट रसात मुरवायला सांगणारे बरेच भेटतात. अननसाच्या रसाने मांस मऊ होतं हे खरं आहे, पण थोडा वेळ जास्त गेला की काप वरून पिठूळ होतो आणि मग त्याला परतल्याचा डाग पडतच नाही. को रस घालत नाहीत, मीही घालत नाही.

गवती चहा बारीक करणं हे या पदार्थातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते टाळता येत नाही. आपण चहात पात घालतो. इथे पात बाजूला राहते आणि बुडखा कामाला येतो. बाहेरचे दोन-तीन कोरडे पदर सोलून टाका, खालचा बोटभर लांबीचा, आतून फिकट जांभळट भाग घ्या, सुरीच्या पात्याने ठेचा, मग कागदासारख्या पातळ चकत्या आणि मग त्यांचा भुगा होईपर्यंत चिरत राहा. धागा जाड राहिला तर तो मांसाबरोबर शिजत नाही, घशात टोचतो. मिक्सरमध्ये फिरवला की पाणी सुटून लगदा होतो आणि तो तेलात तळला जात नाही. उरलेले वरचे दांडे ठेचून दुसऱ्या दिवशीच्या सूपमध्ये टाका.

भुग्याचा निम्मा भाग, लसणाचा निम्मा भाग, ठेचलेली हळद आणि एक मोठा चमचा नुओक माम मांसाला चोळून वीस मिनिटं ठेवा. साखर आत्ता घालू नका, ती कढईत आधी जळते.

पाला

आता मुख्य भाग. हे मी सविस्तर लिहिते, कारण इथेच मी सर्वात जास्त चुकले. पहिल्या खेपेला सगळा पाला धुऊन, ओला, एकत्र चिरून, एकदम टाकला होता. कढईत पाणी साचलं, मांस त्यात उकळलं आणि पानं काळपट होऊन मांसाला चिकटली. चव गवताची आली. को आल्या, त्यांनी एक घास खाल्ला आणि पुढच्या आठवड्यात मला भल्या पहाटे बाजारात घेऊन गेल्या. त्यांनी पालेवालीसमोर एकेक पान माझ्या बोटात चुरडायला लावलं आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, "हे आता वास देतंय की तापल्यावर देईल?" क्रम या एका प्रश्नातून ठरतो.

ला लोत. हृदयाच्या आकाराचं, तकतकीत, गडद हिरवं पान. विड्याच्या पानाचं आणि मिरीच्या वेलाचं हे भावंड, तिघं एकाच कुळातली. मिरीत रोज हात घालणारी मी, मला हे नातं कळल्यापासून ते पान फार आवडायला लागलं. कच्चं चुरडलं तर वास बेताचाच. पण गरम तेलाला लागलं की एकदम सुगंध सुटतो, मिरीसारखा उबदार आणि किंचित गोडसर. गोमांसाचा खिमा याच पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. म्हणजे ला लोत आचेवर जायला हवं, पण अर्ध्या-पाऊण मिनिटापुरतंच. बोटभर रुंद पट्ट्या कापा.

न्गॉ गाय. लांब, करवतीच्या दात्यांसारख्या कडांचं पान. वास कोथिंबिरीचा, पण तिप्पट ठसठशीत. ही वनस्पती मुळात अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, मिरचीसारखीच दूरवरून येऊन इथलीच झालेली. कोथिंबीर आचेवर मरते, ही थोडी तग धरते. म्हणून ला लोतनंतर, शेवटच्या दहा सेकंदांत. दोन बोटं लांबीचे तुकडे.

राव ओम. राव म्हणजे पाला किंवा भाजी. भाताच्या खाचरात, पाण्याच्या कडेला वाढतं. देठ जाड, पोकळ, रसरशीत आणि पानं बारीक. चुरडलं की जिरं आणि लिंबू एकत्र वाटल्यासारखा वास. इथल्या आंबट सूपचा प्राण हाच. उत्तरेत याला राव न्गो म्हणतात. याचं तेल क्षणात उडून जातं, म्हणून आच बंद केल्यानंतरच घालायचं. देठ टाकू नका, करकरीत लागतात. याच्या देठात पाणी फार धरतं. को चाळणी झटकतात ती मुख्यतः याच्यासाठी.

राव रम. अरुंद टोकदार पानं, प्रत्येक पानावर गडद तपकिरी डाग. चव तिखट, जिभेला किंचित झोंबणारी. गर्भासकट उकडलेल्या बदकाच्या अंड्याबरोबर हे हमखास असतंच. आचेवर टाकलं की याचा तिखटपणा जातो आणि साबणासारखी चव मागे राहते. हे कच्चंच, ताटलीत वरून आणि बाजूला. पानं खुडा, चिरू नका.

कोंबडीला लिंबाची पानं, डुकराला कांदा, अशा जोड्या इथे लहान मुलांनाही पाठ असतात. रानमांसाला मात्र एकच जोडीदार पुरत नाही. उग्र वासाला आच सोसणारे, आचेत फुलणारे आणि आच न सोसणारे असे तिन्ही प्रकारचे सुगंध लागतात. पहिल्या घासात राव रम झोंबतं, मग राव ओमचा लिंबासारखा वास नाकात चढतो आणि चावता चावता खालून ला लोत आणि गवती चहा येतात. सगळं एकदम टाकलं तर हे चार वास वेगळे राहत नाहीत.

वायव्येकडच्या डोंगरांत याच मांसाला माक खेन लावतात. ते म्हणजे आपण ज्याला तिरफळ म्हणतो तेच झाड. लांग सोनकडे माक मात नावाच्या झाडाची पानं डुकराच्या पोटात भरून भाजतात. तिकडचा पदार्थ वेगळा, त्याची बांधणी वेगळी. दोन्हींची भेसळ करायचा मोह मला झाला होता. तिरफळाने हिरवी मिरी पार झाकून टाकली, तेव्हा एका वेळी एकच.

पाला मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दोन पाण्यांनी धुवा, झटका आणि पंचावर पसरून पंख्याखाली ठेवा. हे काम मांस फ्रीजरमध्ये टाकण्याआधी करा, म्हणजे सुकायला तासभर मिळतो.

हिरवी मिरी

माझा विषय, म्हणून दोन ओळी जास्त. व्हिएतनाम हा जगातला सर्वात मोठा काळ्या मिरीचा उत्पादक आणि निर्यातदार देश आहे आणि ती मिरी मुख्यतः याच पठारावरून येते. सुकवण्यासाठी दाणे पक्व होऊ देतात. स्वयंपाकासाठी घोस त्याआधी तोडतात. एक दाणा नखाने फोडून बघा: आत मऊ, पांढरा, दुधाळ असेल तर योग्य. आत कडक बी लागलं तर तो घोस परतताना शिजत नाही, दाताखाली खड्यासारखा येतो. कोवळ्या दाण्याचा तिखटपणा सुक्या मिरीसारखा घशात साचत नाही, फुटतो आणि ओसरतो. घोस अखंड टाका, दाणे सोडवू नका. खाणारा देठ धरून दाताने ओरबाडून खातो. जास्तीचे घोस धुऊन, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. रंग काळवंडतो, चव टिकते.

परतणं

घरच्या शेगडीला रस्त्यावरच्या खानावळीसारखी भडकलेली आच नसते, म्हणून मांस दोन हप्त्यांत परतायचं. घाई झाली तरी एकदम टाकू नका. अर्धा किलो गार मांस एकदम पडलं की कढई थंड होते, पाणी सुटतं आणि मग तुम्ही परतत नाही, उकळत असता.

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा. एक मोठा चमचा तेल, ते कडेपर्यंत फिरवा. निम्मं मांस पसरून टाका आणि चाळीस सेकंद हात लावू नका. कडा तांबूस होऊ द्या. आवाज ऐका. चुर्रर्र आवाज कोरडा आणि सततचा असला पाहिजे, तो बुडबुड झाला की पाणी साचतंय. मग उलथण्याने हलवत दोन मिनिटं. कातडीची कड आक्रसून वर वळते, ती खूण. ताटलीत काढा, दुसरा हप्ता तसाच.

कढईत आता तळाला चिकटलेला तांबूस थर असेल, तो राहू द्या. आच मध्यम करा, उरलेलं तेल घाला आणि उरलेला गवती चहा टाका. दीड-दोन मिनिटं सतत हलवत राहा. रंग फिकट सोनेरी झाला की लगेच लसूण आणि चिरलेले कांदे, अर्धा मिनिट. मग मिरच्या आणि मिरीचे घोस, आणखी अर्धा मिनिट. गवती चहा तपकिरी झाला तर तो कडू होतो आणि ती कडवट चव साखरेने झाकत नाही. असं झालं तर तेल टाकून द्या आणि पुन्हा करा. वीस हजार डोंगांचं नुकसान परवडेल, कडवट ताट नको.

आच पूर्ण मोठी. सगळं मांस, त्याच्या ताटलीत सुटलेल्या रसासकट, कढईत. उरलेलं नुओक माम मांसावर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, म्हणजे ते क्षणात उकळतं आणि माशाचा कच्चा वास जाऊन खमंगपणा राहतो. साखर भुरभुरा. दोन-तीन मिनिटं, रस आटून मांसाला तेलाची चकाकी येईपर्यंत.

इथे एक गोष्ट आग्रहाने. रानडुकराचं मांस अर्धकच्चं खायचं नाही, मग वाढणारा काहीही म्हणो. त्यात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात. वायव्येकडच्या गावांत कच्च्या डुकराच्या मांसाच्या पदार्थांतून त्याच्या साथी आल्या आहेत. डुकरापासून होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूच्या संसर्गाने तर मेंदूला सूज येते आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. तोही कच्च्या रक्तातून, कच्च्या मांसातून आणि हाताच्या उघड्या जखमेतून शिरतो. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसला पोहोचलं की काळजी नाही. तीन मिलिमीटरचा काप एवढ्या परतण्यात त्याच्या पुढेच जातो. घरच्या फ्रीजरने रानातल्या जनावरांतले कृमी मरतातच असं धरून चालू नका. हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घाला, मांसाचा पाट वेगळा ठेवा आणि त्या पाटावर पाला मुळीच चिरू नका, कारण राव रम कच्चंच ताटात जाणार आहे.

आता ला लोत. चाळीस सेकंद, पानं मऊ होऊन सुगंध वर येईपर्यंत. न्गॉ गाय, दहा सेकंद. आच बंद. राव ओम टाका, खालून वर दोनदा उलटा आणि लगेच पसरट ताटलीत काढा. कढईत ठेवलंत तर तिच्या उष्णतेने राव ओम काळं पडतं. वरून राव रम.

ला एचं मीठ

मांसाबरोबर ओलं मीठ हवंच, आणि ते फू येनच्या पद्धतीचं, ला ए घालून. ला ए ही तुळशीच्या कुळातली, लिंबाच्या वासाची फिकट हिरवी पानं. याच झुडपाचं बी भिजवून इथे सरबतात घालतात, आपण सब्जा घालतो तसंच. खलबत्त्यात दोन छोटे चमचे खडे मीठ, पाच-सहा हिरव्या लवंगी मिरच्या, चिमूटभर साखर आणि मूठभर ला ए. आधी मीठ-मिरची कुटा, पानं शेवटी, नाहीतर ती काळी पडतात. को हे मीठ उन्हात वाळवून बरणीत भरतात आणि शहरात शिकायला गेलेल्या नातवाला पाठवतात. मला ओलंच आवडतं, वरून अर्धं लिंबू पिळून.

ताटात गरम भात, बाजूला काकडी, कच्च्या पाल्याची परडी आणि निखाऱ्यावर भाजलेले तिळाचे तांदळाचे पापड. पापडाचा तुकडा मोडायचा, त्यात मांस आणि मिरीचे दोन-चार दाणे उचलायचे, टोक मिठात टेकवायचं.

हरणाचं मांस मिळालं तर तेही पाळीव. हा तिन्ह प्रांतातल्या हुओंग सोनमध्ये ठिपकेवाली हरणं त्यांच्या कोवळ्या शिंगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. त्या मांसाला कातडी नसते आणि ते लवकर कोरडं पडतं, म्हणून पहिलं परतणं एक मिनिटावर आणा आणि ला लोत दुप्पट करा. सशाचं मांस असेल तर साओ लान करा: मसाल्यात थोडी करी पावडर, शेवटी अर्धी वाटी नारळाचं दूध, राव ओम आणि भाजून भरडलेले शेंगदाणे. सशात हिरवी मिरी घालू नका, नारळाच्या दुधात ती भरकटल्यासारखी लागते.

उरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाताबरोबर परता. आदल्या दिवशीचा पाला तोवर संपलेला असतो, ती पानं वेचून टाका. परडीत ताज्या राव रमच्या दोन-चार काड्या बाजूला काढून ठेवल्या असतील तर त्या वरून खुडा. को त्या आधीच वेगळ्या काढतात, ओल्या फडक्यात गुंडाळून, जेवायला बसायच्या आधी.